तुम्हीच मेकर, तुम्हीच चेकर

मी बँकेत लागलो तेव्हा पैसे काढणं हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे. खातेदार स्लिप आणि पासबुक काउंटरवर सरकवायचा, आम्ही त्याच्या हातात आकडा कोरलेला पितळी बिल्ला ठेवायचो आणि मग स्लिपचा प्रवास सुरू व्हायचा. क्लार्क लेजर उघडून नोंद करायचा, अधिकारी सहीचं कार्ड काढून सही ताडून बघायचा आणि स्लिप पास करायचा. शेवटी पिंजऱ्यातला कॅशिअर बिल्ल्याचा नंबर पुकारायचा आणि नोटा मोजण्याआधी विचारायचा, "किती काढलेत?" बाकावर बसलेली माणसं वैतागायची, घड्याळाकडे बघायची, साहेब चहाला गेले की काय म्हणून कुजबुजायची.

त्या अर्ध्या तासात काय काय वाचायचं ते मात्र कुणाला दिसत नसे. एकदा एक गृहस्थ मुदतठेव मोडायला आले, सोबत एक गोड बोलणारा तरुण. आमच्या अधिकारीबाईंनी सही ताडता ताडता सहज विचारलं, "काका, मुलीचं लग्न ठरलं का?" काका म्हणाले, "छे हो, हे म्हणतात सहा महिन्यांत दुप्पट होतील." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आणखी दोन प्रश्न विचारले. तरुण पाणी पिऊन येतो म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत मी पडत नाही, कारण शाखेत सगळे हेच म्हणत. नोंद करणारा तो मेकर, ती तपासून पास करणारा तो चेकर, आणि दोन्ही कामं एकाच माणसानं करायची नाहीत. लेजर गेली, संगणक आले, कोअर बँकिंग आलं, तरी शाखेत हा नियम टिकून आहे. शाखेबाहेर तुमच्या हातातल्या फोनमध्ये मात्र तो नाही.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयची सुरुवात केली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बँकांची यूपीआय अ‍ॅप लोकांच्या फोनवर येऊ लागली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. अर्ध्या तासाचे चार सेकंद झाले. रक्कम टाइप करता तेव्हा तुम्ही मेकर असता आणि पिन दाबता तेव्हा चेकर. पिन म्हणजे त्या अधिकारीबाईंची सही आहे, फक्त आता ती तुम्हीच करता, तीही रिक्षात बसून, एका हातात भाजीची पिशवी धरून. म्हणून चेकर घरी कसा नेमायचा, तेवढंच या लेखात सांगतो.

गल्ला आणि तिजोरी

कुठलाही दुकानदार वर्षाची कमाई गल्ल्यात ठेवून धंद्यावर बसत नाही. आपण मात्र नेमकं तेच करतो. पगार किंवा पेन्शन ज्या खात्यात येते, ज्याला मुदतठेवी जोडलेल्या असतात, तेच खातं फोनमध्ये घालून वडापाव घ्यायला जातो. सगळ्यात आधी हे मोडा. दुसरं एक बचत खातं उघडा, त्यात महिन्याच्या बाजारखर्चापुरते दहा-पंधरा हजार ठेवा आणि यूपीआयला फक्त तेच जोडा. मोठं खातं अ‍ॅपमधून काढून टाका. उद्या फोन चोराच्या हाती लागला, पोरानं खेळता खेळता काही दाबलं किंवा तुमचंच डोकं एखाद्या दुपारी फिरलं, तरी गल्ला रिकामा होईल, तिजोरी शाबूत राहील.

इथे एक गोष्ट नक्की विचारून घ्या. बचत खात्याला ऑटो स्वीप जोडलेलं आहे का? असेल तर खात्यात पैसे कमी पडले की ठेव आपोआप मोडून रक्कम पुढे जाते. खातं जवळजवळ रिकामं असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, या समजुतीला मग अर्थ उरत नाही. बाजारखर्चाच्या खात्याला स्वीप नकोच.

हे दुसरं खातं दुसऱ्या बँकेत असलेलं बरं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर स्थगिती आली आणि तिच्या आधारावर चालणारं फोनपे त्या रात्री बंद पडलं. ज्यांचा येस बँकेशी काडीचाही संबंध नाही असं वाटत होतं, त्यांचेही व्यवहार अडकले. अ‍ॅप एक, बँक दुसरी आणि मधली वाहतूक करणारी बँक तिसरी, हा उलगडा बऱ्याच जणांना तेव्हाच झाला. म्हणून दोन बँका आणि जमल्यास दोन अ‍ॅप ठेवा. १२ एप्रिल २०२५ सारख्या दिवशी, जेव्हा यूपीआयच देशभर कोलमडतं, तेव्हा यातलं काहीच उपयोगी पडत नाही. त्या दिवसासाठी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात पाचशेची एक नोट असू द्या.

जाता जाता: ठेव विमा बँकेमागे माणशी ५ लाखांपर्यंत आहे, तो पतसंस्थेला लागू नाही. काउंटरवर क्यूआर कोड लावलेला असला म्हणून पतसंस्था बँक होत नाही.

चहा, भाजी, रिक्षा अशा चिल्लर खर्चासाठी यूपीआय लाइट वापरा. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि १,००० पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. पिन लागत नाही म्हणजे धोका वाढला असं लोकांना वाटतं. मला उलट वाटतं. दिवसातून दहा वेळा चारचौघांत पिन दाबावा लागत नाही, त्यामुळे मागे उभ्या माणसाला तो दिसत नाही, आणि पिन मागितला गेला की काहीतरी मोठं चाललंय हे बोटांना कळतं. शिवाय पासबुकाची पानंच्या पानं दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी भरत नाहीत. पासबुक स्वच्छ असेल तर चुकीची नोंद डोळ्यांत खुपते, आणि चेकरला तेच हवं असतं. फक्त ऑटो टॉपअप चालू करू नका, नाहीतर लाइट रिकामं झालं की गल्ल्यातून आपोआप भरलं जाईल.

मग बँकेचं अ‍ॅप उघडा आणि मर्यादा खाली आणा. यूपीआयची नेहमीची कमाल मर्यादा एका व्यवहाराला १ लाख आहे. तुम्हाला रोज लाखाचा व्यवहार करायचा असतो का? बहुतेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये ही रक्कम स्वतःपुरती कमी करता येते. कार्डाचंही तसंच. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनसाठी चालू स्थितीत येतं, ऑनलाइन आणि परदेशी वापर आपण मागून चालू करायचा असतो. जुन्या कार्डांचे हे खटके मात्र कित्येकांचे वर्षानुवर्षं चालूच आहेत. ते बंद करा. विमानाचं तिकीट काढायच्या दिवशी चालू करायला दोन मिनिटं लागतात. कार्ड नुसतं टेकवून ५,००० पर्यंत पिनशिवाय पैसे जातात, ती सोय वापरत नसाल तर तीही बंद करा.

नाव वाचा, आकडा वाचा, मगच पिन

चेकरचं पहिलं काम वाचणं. जून २०२५ च्या अखेरीपासून यूपीआय अ‍ॅपनं पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवलं पाहिजे, असा नियम झाला. त्याआधी काही अ‍ॅपमध्ये क्यूआर कोडातून आलेलं किंवा तुम्हीच फोनमध्ये साठवलेलं नाव दिसे आणि 'बंड्या मामा'च्या नावाखाली कोण दडलंय ते कळत नसे. आता खरं नाव दिसतं, पण आपण ते वाचतो कुठे? क्यूआर धरला, आकडा टाकला, पिन दाबला. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि पडद्यावर दुसरंच असेल तर सरळ विचारा, "हे कुणाचं नाव येतंय?" दहापैकी नऊ वेळा ते दुकानदाराच्या बायकोचं किंवा भावाचं निघतं. दहाव्या वेळी रात्रीतून कुणीतरी त्याच्या स्टिकरवर स्वतःचं स्टिकर चिकटवलेलं असतं आणि दुकानदार तुमचे आभार मानतो.

एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये बरीच वर्षं नाव हा केवळ शोभेचा रकाना होता, पैसे खातेक्रमांकावर जात. एक आकडा चुकला की रक्कम भलत्याच्या खात्यात आणि आपण शाखेच्या पायऱ्यांवर. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव तपासायची सोय बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं ठरवलं. ती वापरा. फ्लॅटचा हप्ता किंवा मंगल कार्यालयाची आगाऊ रक्कम भरायची असेल तर आधी १ रुपया पाठवा, समोरच्याकडून पोच घ्या, मगच बाकीची पाठवा.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ असतं. तरी माणसं फसतात, कारण फसवणारा 'पैसे द्या' असं म्हणतच नाही. तुम्ही जुनं कपाट विकायला काढलेलं असतं. तो घासाघीस न करता होकार देतो (इथेच शंका यायला हवी, आपल्याकडे जुनं कपाट घासाघीस न करता कोण घेतं?) आणि म्हणतो, "क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पैसे जमा होतील." क्यूआर स्कॅन केल्यानं आजवर कुणाच्या खात्यात काही जमा झालेलं नाही. एका व्यक्तीनं दुसरीकडे पैशांची मागणी पाठवायची सोय यूपीआयवर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, ती याच लुटीमुळे. पण क्यूआर आहे, ऑटोपेची म्हणजे आपोआप पैसे कापायची संमती आहे, दुकानांच्या नावानं येणाऱ्या मागण्या आहेत. दार बदलतं, पिन तुमचाच लागतो.

याचंच दुसरं रूप म्हणजे 'चुकून आले' प्रकरण. फोन येतो, "दादा, आईच्या औषधाचे ५,००० चुकून तुमच्या नंबरवर गेले." बँकेचा वाटावा असा एसएमएसही येतो. एसएमएसवर विश्वास ठेवू नका, खात्यातली शिल्लक बघा. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. आणि खरंच आले असतील तर? तरीही स्वतःहून परत पाठवू नका. "तुमच्या बँकेत तक्रार करा, माझी बँक मला विचारेल आणि मी संमती देईन," एवढं सांगून आपल्या बँकेला कळवा. हे अनेकांना उद्धटपणाचं वाटतं. त्यामागचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण ते माहीत नसल्यामुळे आजकाल निरपराध माणसं गोत्यात येतात.

होल्ड लागलेलं खातं

सायबर फसवणुकीची तक्रार झाली की चोरीचा पैसा कुठल्या खात्यातून कुठे गेला याची साखळी शोधली जाते आणि वाटेतल्या खात्यांवर होल्ड लागतो. कधी तेवढ्या रकमेवर, कधी अख्ख्या खात्यावर. माझ्या ओळखीच्या एका मोबाइल-दुरुस्तीवाल्याकडे एक गिऱ्हाईक आलं. "तातडीनं रोख हवीय, तुम्हाला ऑनलाइन पाठवतो, वर दोनशे ठेवून घ्या." यानं पाठवलेले पैसे बघितले, गल्ल्यातून रोख काढून दिली. तीन आठवड्यांनी त्याचं खातं बंद. दुसऱ्या राज्यातल्या कुणा वृद्धाचे ते पैसे होते. दुकानाचं भाडं, नोकराचा पगार, बायकोच्या बाळंतपणाची तजवीज, सगळं त्याच एका खात्यात होतं. गुन्हा त्याचा नव्हता, पण ते पटवून द्यायला तो किती महिने खेटे घालत होता हे मी पाहिलंय.

म्हणून दुकानदारांना माझं सांगणं: धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेवा. अनोळखी माणसाला ऑनलाइनच्या बदल्यात रोख देऊ नका, मग तो दवाखान्याची कितीही करुण कहाणी सांगो. मोठ्या रकमेला बिल फाडा, बिलावर यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा, कारण पुढे कुणी विचारलं तर माल दिल्याचा पुरावा तेवढाच. गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. साउंडबॉक्स मराठीत बोलेपर्यंत किंवा अ‍ॅपमध्ये जमा दिसेपर्यंत माल काउंटरच्या आतच राहू द्या. आणि बँकखात्यातून यूपीआयनं आलेल्या पैशावर दुकानदाराला शुल्क पडत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाकडून 'ऑनलाइनचे दोन टक्के जास्त' घेऊ नका.

कॉलेजातल्या पोरांच्या आईवडिलांनी एक विचारून घ्यावं: "तुझं खातं कुणी वापरायला मागितलंय का?" महिना पाच हजार मिळतील, फक्त खातं, कार्ड आणि सिम द्यायचं, असा प्रस्ताव वसतिगृहांतून फिरतो. पोराला ती फुकटची कमाई वाटते. पोलिसांच्या साखळीत पहिलं नाव त्याचंच येतं.

घरातला दुसरा माणूस

आता खऱ्या चेकरकडे येऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय आली, आणि मला वाटतं तिच्याकडे लोकांचं हवं तितकं लक्ष गेलेलं नाही. खातं एकाचं, पण तो घरातल्या आणखी पाच जणांना त्यातून खर्च करायची मुभा देऊ शकतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात महिन्याला १५,००० पर्यंत आणि एका वेळी ५,००० पर्यंतची मोकळीक देता येते. दुसऱ्यात प्रत्येक व्यवहाराला मूळ खातेदाराची मंजुरी लागते. समोरच्यानं क्यूआर धरला की तुमच्या फोनवर विचारणा येते, तुम्ही पिन टाकलात तरच पैसे जातात. हा तर अगदी शाखेतला मेकर-चेकर झाला. बारावीनंतर पुण्याला शिकायला गेलेली मुलगी, घरकामाचं सामान आणणाऱ्या मावशी, नव्यानं स्मार्टफोन हाती आलेली आजी, यांच्यासाठी हे उत्तम.

म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीत मुलं एक चूक करतात. फसवणुकीची बातमी वाचली की त्यांच्या फोनवरून अ‍ॅपच काढून टाकतात. मग त्यांना भाजीवाल्याकडे सुट्ट्यासाठी तोंड वेंगाडावं लागतं. त्यापेक्षा सर्कल द्या किंवा थोडी शिल्लक असलेलं वेगळं खातं जोडून द्या. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्यांसाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, इंटरनेटशिवाय, नुसता कॉल करून पैसे पाठवता येतात. गावाकडे अंगठा लावून पैसे काढायची सवय असलेल्यांचे आधारचे बोटांचे ठसे आधारच्या अ‍ॅपमधून कुलूपबंद करता येतात. पैसे काढायच्या वेळी ते थोड्या वेळापुरते उघडायचे. मुलांनी सुट्टीत गावी गेल्यावर हे एक काम करून द्यावं.

यंत्रातला चेकर नसेल तर माणसातला नेमा. आमच्या घरात एक नियम आहे. नव्या माणसाला किंवा नव्या खात्यात १०,००० च्या वर पैसे पाठवायचे असतील तर पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते मोठ्यानं सांगायचं. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचं. "अगं, अमक्याला अमुक इतके पाठवतोय, यासाठी." सांगता सांगता आपलंच वाक्य आपल्या कानावर पडतं आणि ते खुळचट असेल तर तिथेच कळतं. एकटे राहत असाल तर बहिणीला फोन करा.

फसवणारे नेमकी हीच जागा आधी बंद करतात. तथाकथित डिजिटल अटकेचे जे जे प्रकार उघडकीला आले, त्यांत एक अट ठरलेली दिसते: कुणाला सांगायचं नाही. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळा पैसा फिरला, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, खोलीचं दार लावून घ्या, बायकोलाही बोलू नका. वर्दी खोटी असते, कोर्ट खोटं असतं, पण तुम्हाला चेकरपासून तोडायची हुशारी अस्सल असते. भारतात डिजिटल अटक नावाची गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही. ज्या क्षणी कुणी म्हणेल की हे घरात सांगू नका, त्या क्षणी दार उघडून शेजाऱ्याला हाक मारा. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, लष्करी अधिकारी यात अडकलेत, त्यामुळे 'मी नाही अडकणार' हे मनातून काढून टाका.

काही गोष्टी भराभर सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती एपीके फाइल असेल तर ती उघडू नका, मग पाठवणारा चुलतभाऊ असला तरी. त्याचाच फोन आधी लुटला गेलेला असतो. फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारी अ‍ॅप कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नका, कार्डाच्या पाठीवरचा वापरा. बँकांचे संकेतस्थळांचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन'नं संपतात आणि बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० पासून सुरू होणारे क्रमांक ठरवलेत. दहा आकडी साध्या मोबाइलवरून 'केवायसी संपलंय' म्हणणारा बँकवाला नव्हे. बँकेचा असलाच तरी त्याला सांगा, शाखेत येतो.

ऑटोपेबद्दल दोन शब्द. जुलै २०२० पासून यूपीआयवर दरमहा आपोआप पैसे कापायची संमती देता येते. एकदा संमती दिली की साधारणपणे १५,००० पर्यंतचा हप्ता पुन्हा पिन न मागता जातो. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण ती इतर पन्नास संदेशांत हरवते. एक रुपयात महिनाभर सिनेमे बघा म्हणून दिलेली संमती तीन वर्षं कापत राहते. अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते. दिवाळीच्या साफसफाईत माळा काढता, तशी ही यादी एकदा काढा.

पैसे गेले तर

आधी शांतपणे ठरवा: अडकलेत की चोरले गेलेत? दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

खात्यातून वजा झाले पण समोरच्याला पोचले नाहीत, याला रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत घालून दिलीय. यूपीआयनं व्यक्तीला पाठवलेले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत, एटीएममधून नोटा न येता खातं कापलं गेलं तर तेही पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. बँका ती प्रत्येक वेळी न मागता देतात असा माझा अनुभव नाही, म्हणून अर्जात परिपत्रकाची तारीख लिहा. शाखेतल्या माणसाच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी काउंटरच्या आत बसून सांगतोय. दरम्यान दुकानदाराला घाईनं दुसऱ्यांदा पैसे देणार असाल, तर पहिल्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक त्याच्याकडे लिहून ठेवा.

चोरले गेले असतील तर १९३०. पोलीस ठाण्यात जायच्या आधी, जावयाला फोन करायच्या आधी, रडायच्याही आधी. चोरीचा पैसा काही मिनिटांत चार-पाच खात्यांतून फिरतो आणि रोखीत निघतो. त्याआधी साखळी गाठली तर रक्कम जागच्या जागी थांबवता येते. हाताशी खातेक्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक असू द्या. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्या.

बँकेला तीन दिवसांत कळवा, असं जे म्हणतात त्याचा उगम रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक बँकेची असेल तर खातेदारावर काहीच बोजा नाही. चूक ना बँकेची ना तुमची, मधल्या कुणाची तरी, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तरी तेच. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

हा फरक पुण्यातल्या एका घटनेवरून नीट कळतो. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एवढा दरोडा पडूनही खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही, कारण फुटलं ते बँकेचं दार होतं. तुमच्या पिननं उघडलेलं दार मात्र कायद्याच्या नजरेत तुम्ही उघडलेलं असतं, मग ते भीतीनं उघडलं असो की भोळेपणानं. मला हे पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. बँकांनी चेकर काढून घेतला आणि त्याची जबाबदारी तेवढी खातेदाराच्या गळ्यात घातली. पण नियम बदलेपर्यंत तो माहीत असलेला बरा.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. वकील लागत नाही, कागद लागतात. बँकेला दिलेल्या अर्जाची पोच नसेल तर लोकपालही काही करू शकत नाही. म्हणून शाखेत नुसतं तोंडी भांडून घरी येऊ नका.

फोन हरवला तर आधी सिम बंद करा, मग बँकेला सांगून यूपीआय थांबवा, आणि पोलीस तक्रार झाल्यावर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून फोनच निकामी करा. याच संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत तेही दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला.

पण फोनच हरवल्यावर हे सगळे क्रमांक बघणार कशात? आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. १९३०, १४४४८, दोन्ही बँकांचे कार्ड बंद करायचे नंबर, मोबाइल कंपनीचा नंबर, आमच्या फोनचे आयएमईआय क्रमांक, सगळं शाईनं, ठळक अक्षरांत. पिन त्यावर नाही, असणारही नाही. बायकोनं त्याखाली गॅसवाल्याचा आणि पिठाच्या गिरणीचा नंबर लिहून टाकलाय, त्यामुळे तो कागद आम्ही रोजच बघतो.